छत ठोकून पाहणारा माणूस

सावनेरातल्या कुठल्याही घरचा लग्नाचा अल्बम उघडा. पहिल्या पानावर गणपती, मग हळदीत बुडालेला नवरदेव, आणि पुढे कुठेतरी पन्नासेक माणसांचा एकत्र फोटो. फोटोग्राफरने 'स्माइल' म्हटलेलं आहे आणि एकोणपन्नास जणांनी दात दाखवले आहेत. पन्नासावा माणूस कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तो वर बघतो आहे. वर मंडपाचा पंखा आहे आणि पंखा ज्या दोरीने बांधलाय ती दोरी त्याला पसंत नाही.

हे आमचे काकाजी. सख्खे नव्हेत. आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच काकाजी आहेत. त्यांचं नाव मी देत नाही, कारण त्यांना ते चालणार नाही. "नाव छापून येते अन् मंग इन्कम टॅक्सवाले येते," असं त्यांचं मत. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाकडे इन्कम टॅक्सवाले कशाला येतील, असं मी एकदा विचारलं. त्यावर म्हणाले, "थेच विचाराले येतीन."

काकाजी वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, होते. भूमिगत खाणीत मायनिंग सरदार. ज्यांना खाण ठाऊक नाही त्यांना हा हुद्दा ऐकून तलवार, पागोटं वगैरे काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात या सरदाराचं काम वेगळं. पाळीची माणसं आत शिरण्याआधी त्याने आपल्या हद्दीत फिरायचं. हवा नीट खेळते का, टेकू जागेवर आहेत का, वायू साठलाय का, ते बघायचं. सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून तिच्यावर निळसर टोपी चढते का ते न्याहाळायचं, कारण टोपी चढली म्हणजे मिथेन आहे. आणि डोक्यावरचं छत काठीने ठोकून ऐकायचं. खणखणीत वाजलं तर थर घट्ट, बद्द वाजलं तर वरचा थर सुटलाय. एवढं झाल्यावर रजिस्टरात लिहून खाली सही करायची. सरदाराला छत आवडलं नाही तर माणसं आत जात नाहीत.

म्हणजे बघा, सरकारने या माणसाला तीस-बत्तीस वर्षं पगार दिला तो संशय घेण्याचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम थांबलं नाही. आता ते गल्लीचं छत ठोकतात. कुणाचा गॅस सिलिंडर आला की रेग्युलेटरवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघतात. कुणाच्या घराचा स्लॅब पडला (म्हणजे टाकला, आमच्याकडे असं बोललं की काकाजी दचकतात) की पाणी किती दिवस मारलं ते विचारतात. पोराने दहावीची गुणपत्रिका पेढ्यासकट पुढे केली की गुणांकडे ढुंकून न बघता आईच्या नावाचं स्पेलिंग वाचतात. "मिसेस जोशींच्या पोराले ब्याण्णव पडले," असं काकू आतून सांगतात आणि काकाजी म्हणतात, "जन्मतारीख बरोबर हाये काय त्याची?" नव्हती. बोर्डाकडे जाऊन ती वेळेत दुरुस्त झाली. पेढा मात्र काकाजींनी खाल्ला नाही. सणासुदीचा खवा होता.

ग्रीक वैद्यांनी या जातीच्या माणसांचं खापर काळ्या पित्तावर फोडलं होतं. हिपोक्रेटिसच्या परंपरेत शरीरात चार रस मानले जात. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पुढे दुसऱ्या शतकात गॅलेनने त्याचं मोठं शास्त्र केलं. रक्त जास्त तो आनंदी, पिवळं पित्त जास्त तो तापट, कफ जास्त तो थंड्या डोक्याचा आणि काळं पित्त जास्त तो गंभीर, उदास, आत वळलेला. काळं पित्त प्लीहेतून येतं आणि त्याची प्रकृती थंड आणि कोरडी, अशी त्यांची समजूत होती. असा काही रस शरीरात असल्याचं नंतरच्या वैद्यकाला आढळलं नाही. आपल्या आयुर्वेदाने वात, पित्त, कफ यांतच भागवलं.

थंड आणि कोरडी हे वर्णन सावनेरात तर अर्धंच लागू पडतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला की कोरडी प्रकृती सरसकट सगळ्यांचीच होते. थंड फक्त कूलरपुढे बसलेल्याची, तीही टाकीत पाणी असेपर्यंत. दुपारभर मधूनमधून उठून टाकीतलं पाणी कोण बघतं ते वेगळं सांगायला नको. पण माणसाच्या आत काळं काहीतरी साठतं, ही कल्पना आमच्या गावाला पटण्यासारखी आहे. आमच्या पायाखालीच काळा थर पसरलेला आहे आणि त्याच कोळशावर खापरखेड्या-कोराडीकडे वीज होते.

अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात एक मोठा मजेशीर प्रश्न आहे. तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य, कला यांत जे जे थोर झाले ते सगळे या काळ्या पित्ताचेच का निघाले? ही गोष्ट मी काकाजींना सांगितली. त्यांना बरं वाटेल अशी अपेक्षा होती. ते बराच वेळ चहाकडे बघत बसले आणि म्हणाले, "थे सगळे मेले न?"

ही माणसं नीट दिसायची असतील तर त्यांच्या शेजारी उलट्या जातीचा एक माणूस उभा करावा लागतो. देवाने ती सोय काकाजींच्या सासुरवाडीतच करून ठेवली आहे. त्यांचे साळेबुवा. गोल चेहरा, खिशात सुपारी, पाठीवर थाप. तर्री पोह्यांच्या टपरीवर ते आले की टपरीवाला न विचारता तर्री वाढवतो, आणि काकाजी आले की न विचारता कमी करतो. साळेबुवांचं आवडतं वाक्य 'होऊन जाते नं भाऊ!' काकाजींचं 'होऊन गेल्यावर सांगजो.' गल्लीत लाइट गेली की साळेबुवा बटण खालीवर करत बसतात आणि लाइट आली की म्हणतात, "आणली पाय!"

२०१५ साली नागपूर–छिंदवाडा छोटी रेल्वे बंद झाली तेव्हा या दोघांचं जे संभाषण झालं ते गल्लीच्या इतिहासात नमूद आहे. नॅरोगेजची ती गाडी सावनेरवरून इतक्या संथपणे जायची की धावत्या गाडीतून उतरून शेतातली दोन संत्री तोडावीत आणि पुन्हा चढावं, असं जुने लोक सांगतात. जुने लोक फेकतात, हे लक्षात घेऊनही ती हळूच होती. ब्रॉडगेजसाठी रूळ उखडले. साळेबुवा म्हणाले, "दोन वर्षांत बसतो आपण नव्या गाडीत." काकाजी काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी स्कूटरची सर्व्हिसिंग करून घेतली, टायर बदलले. नागपूरच्या इतवारीपासून छिंदवाड्यापर्यंतच्या पूर्ण मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली २०२१ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत साळेबुवा नागपूरला जायचे ते काकाजींच्या स्कूटरवर मागे बसून आणि वाटेत सांगायचे की माणसाने नेहमी चांगलाच विचार करावा.

आता साळेबुवांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट. एप्रिल महिना, मोकळं मैदान, आकाश निरभ्र. काकाजी आठ दिवस आधीपासून आकाश बघत होते. आकाश जसजसं अधिक निळं होत गेलं तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. कुणाला न सांगता त्यांनी ताडपत्र्या आणून मंडपाच्या मागे टाकल्या, एक जनरेटर बोलावला आणि हलवायाला सांगितलं की कढई उघड्यावर लावायची नाही. काकूंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अशुभ बोलत नाही यांचं तोंड, पण यांचं सामानच अशुभ बोलते जी!" वरात दारात आली आणि अवकाळी आला. कसा आला ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. वारा, वीज आणि लिंबाएवढ्या गारा. पंधरा मिनिटांत ताडपत्र्या वर गेल्या, जनरेटर घरघरला, पंगत सुरू राहिली. व्याह्यांनी साळेबुवांना मिठी मारली. "काय नियोजन हो तुमचं!" साळेबुवा म्हणाले, "होऊन जाते नं भाऊ!"

त्या वेळी काकाजी कुठे होते? मंडपाच्या कोपऱ्यात. ताडपत्रीवर जिथे पाणी साचून पोटासारखा फुगा आला होता तिथे खालून बांबू लावत होते.

मानसशास्त्रानेही अशा माणसांची दखल घेतली आहे. १९८६ साली ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या दोघींनी या स्वभावाचा अभ्यास मांडला. अशी माणसं कामाआधी वाईटात वाईट काय होईल त्याची मनातल्या मनात उजळणी करतात, ती भीती तयारीला जुंपतात आणि काम छान करतात. गंमत पुढे आहे. यांना कुणी 'अरे, तुझं मस्तच होणार' असा धीर दिला की यांचं काम बिघडतं. हे वाचल्यापासून मी काकाजींना धीर देणं बंद केलं आहे. ते एखाद्या कामाला निघाले की म्हणतो, "काकाजी, मला नाही वाटत जमेल." ते प्रसन्न होतात. निदान भिवया तरी खाली येतात.

दुसरा एक प्रयोग याहून प्रसिद्ध आहे. १९७९ साली लॉरेन अॅलॉय आणि लिन अॅब्रॅमसन यांनी विद्यार्थ्यांना एक बटण दिलं आणि समोर हिरवा दिवा ठेवला. बटण दाबल्याने दिवा किती वेळा लागतो, म्हणजे तो तुमच्या हातात किती आहे, ते सांगा. कधीकधी दिवा बटणाला अजिबात जुमानत नसे. आनंदी विद्यार्थ्यांना तरीही वाटे की आपणच लावतोय. उदास विद्यार्थ्यांचा अंदाज जास्त बरोबर निघाला. हे वाचताना मला लाइट आणणारे साळेबुवा आठवले आणि मी धावत काकाजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं की नंतर लोकांनी असे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा हा निष्कर्ष काही तितकासा टिकला नाही.

"मले वाटलंच होतं," काकाजी म्हणाले.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. उदासीचा आजार वेगळा. ज्याची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असते, ज्याला सकाळी उठावंसंच वाटत नाही, त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये आणि त्याच्यावर विनोदी लेख लिहू नये, त्याला डॉक्टरकडे न्यावं. काकाजी त्यातले नव्हेत. त्यांना झोपही लागते आणि भूकही लागते. दोन्हींबद्दल तक्रार असते एवढंच. उशी उंच असते आणि वांग्यात बी निघतं.

खरं म्हणजे आमचा सगळा तालुकाच थोडाफार या जातीचा आहे, आणि त्याला कारण संत्रं. संत्र्याच्या बागायतदाराला मी कधी निश्चिंत पाहिलेलं नाही. आंबिया बहार धरला तर फळगळीची चिंता, मृग बहार धरला तर पाऊस येतो की नाही याची. फळ लहान असेल तर भाव नाही, फळ मोठं आणि भरपूर असेल तर सगळ्यांकडेच भरपूर, म्हणून पुन्हा भाव नाही. आणि या झाडाची रीत तरी काय! बहार हवा असेल तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी मे महिन्याच्या उन्हात. झाड मलूल होतं, पानं माना टाकतात, बघवत नाही. मग पाणी दिलं की फांदीफांदी पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ज्या झाडाला बारा महिने भरपूर पाणी मिळालं ते हिरवंगार दिसतं, पानांनी डवरतं, आणि फळाच्या बाबतीत साळेबुवांसारखं वागतं.

नागपूरकरांनी दुःखाचा बंदोबस्त आमच्यापेक्षा सोपा केलाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक काढतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत त्या त्या वर्षीच्या नकोशा गोष्टींचे बडगे. 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडत लाखभर माणसं रस्त्यावर उतरतात आणि वर्षभराचं सगळं अरिष्ट शहराबाहेर नेऊन जाळून टाकतात. दुसऱ्या दिवसापासून मोकळे. काकाजी एकदा ती मिरवणूक बघायला गेले होते. येताना स्कूटरवर गप्प होते. कोराडी मागे पडल्यावर म्हणाले, "थे सगळी पीडा शहराबाहेर टाकते."

"हो."

"शहराबाहेर कोण ऱ्हायते?"

मी उत्तर दिलं नाही. समोर सावनेरचा बोर्ड होता.

गंभीर माणसांविषयी बोलण्याचा सावनेरला जरा जास्त हक्क आहे असं मी मानतो, आणि तो मारबतीमुळे नव्हे. राम गणेश गडकरी इथे गेले. २३ जानेवारी १९१९. वय अवघं तेहेतीस. जन्म गुजरातेत नवसारीकडचा, शिक्षण आणि नाटकमंडळ्या पुण्याकडच्या, शेवटचं आजारपण मात्र आमच्याकडचं. ठाण्यात त्यांच्या नावाचं मोठं नाट्यगृह आहे, पण तारीख आमच्याकडे आहे.

गडकऱ्यांनी स्वतःची वाटणी फार शिस्तीत करून ठेवली होती. कविता लिहायची ती गोविंदाग्रज या नावाने, विनोद लिहायचा तो बाळकराम या नावाने, आणि नाटकं आपल्या खऱ्या नावाने. गोविंदाग्रज प्रेमभंगाने तळमळतो, मरणाच्या गोष्टी करतो. तिकडे बाळकराम ठकीचं लग्न जमवायला निघतो आणि वाचणाऱ्याची हसून हसून मुरकुंडी वळवतो. दोघं एकाच दौतीत बोरू बुडवत होते. एका घरात असे दोन भाऊ असते तर शेजाऱ्यांनी म्हटलं असतं, एक किती हसरा आणि दुसरा बघा कसा. गडकऱ्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांची पंचाईत.

'एकच प्याला'चंच बघा. दारूने धुळीला मिळालेला सुधाकर त्यात आहे आणि त्याच्यापायी झिजून जाणारी सिंधू आहे. मराठी रंगभूमीवर याहून जास्त रुमाल ओले करणारं नाटक क्वचितच असेल. आणि त्याच नाटकात तळीराम आहे, त्याचं आर्य मदिरा मंडळ आहे, दारुड्यांची घटना, ठराव, अनुमोदन सगळं आहे. बाटली तीच. एका टेबलावर हशा, दुसऱ्या टेबलावर सर्वनाश. नाटककाराने एक टेबल काढून टाकलं असतं तर दुसरंही लंगडं झालं असतं. नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली आणि पहिला प्रयोग बडोद्याला झाला तो गडकरी गेल्यानंतर जेमतेम महिन्याभराने. म्हणजे तळीरामावर हसणारं आणि सिंधूवर रडणारं थिएटर त्यांनी ऐकलंच नाही. 'भावबंधन' त्यांनी अखेरच्या आजारपणात लिहिलं. 'राजसंन्यास' अपुरं राहिलं आणि 'वेड्यांचा बाजार'ही. अंगात ताप आणि हातात विनोदी प्रवेश, असा माणूस आमच्या गावात खाटेवर पडून होता. गंभीर माणसाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी सावनेरचा पत्ता देतो.

त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे तर आपल्याकडचेच. जन्म नागपूरचा, १८७१ चा, वकिली खामगावला. 'सुदाम्याचे पोहे' लिहून त्यांनी मराठी विनोदी लेखाची चूल मांडली. वकील म्हणजे लोकांची भांडणं, खोट्या साक्षी आणि बुडालेली कर्जं रोज ऐकणारा माणूस. त्यातून पोहे निघाले. (तर्री नंतर आमची आम्ही घातली.)

इंग्लंडातही असा एक होऊन गेला. रॉबर्ट बर्टन नावाच्या ऑक्सफर्डच्या पाद्रीबुवाने १६२१ साली उदासीवर एक अगडबंब ग्रंथ काढला आणि मग जन्मभर त्यात भर घालत बसला. स्वतःच्या उदासीवर उतारा म्हणून आपण हे लिहीत बसलो, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. ग्रंथावर नाव घातलं ते धाकटा डेमॉक्रिटस, म्हणजे ग्रीकांच्या त्या हसऱ्या तत्त्ववेत्त्याचं. मन फारच जड झालं की हा गृहस्थ नदीच्या पुलावर जाऊन उभा राहायचा आणि खाली नावाडी एकमेकांना शिव्या घालायचे त्या ऐकून पोट धरून हसायचा, अशी आख्यायिका आहे. कोळसाखाणीत उमेदवारी करायला हा माणूस योग्य होता.

काकाजींनी 'एकच प्याला' पाहिला आहे, हे मला उशिरा कळलं. कधीतरी तरुणपणी, हौशी मंडळींचा प्रयोग. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"सुधाकरानं पहिला घोट घेतला तवाच कोणीतरी रजिस्टरात लिहाले पायजे होतं."

"अहो, त्याचा मित्र रामलाल सांगत होता की त्याला."

"रामलाल भाषण देते. सही कुठी हाये त्याची?"

मी दोन दिवस हसत होतो. काकाजी हसले नाहीत. त्यांनी मुळात विनोद केलाच नव्हता. नाटकात नियमभंग झालेला त्यांना दिसला आणि त्यांनी नोंदवला.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की काकाजींबरोबर राहणं मोठं सुखाचं असेल. तसं काही नाही. काकूंना विचारा. नवी साडी नेसून पुढे आल्या तर काकाजी म्हणतात, "रंग जाईन." तीर्थयात्रेला गेले तर देवळात देवाआधी बाहेर जायचा दरवाजा बघून ठेवतात. कुणी अभिनंदन करायला आलं की ते अशा नजरेने बघतात की येणाऱ्याला वाटावं, आपल्याच घरी काहीतरी झालंय. त्यांना राग येत नाही, पण विसरही पडत नाही. एखाद्या भाच्याने आठ वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यांच्या बोलण्यात अजून उभी आहे. आणि स्वतःला ते इतरांहून जास्त बोल लावतात. खाणीतल्या कुठल्यातरी जुन्या पाळीत ठोकून पाहिलेलं छत आठवून रात्री उठून बसतात. त्या छताला काहीही झालं नव्हतं. मी म्हणालो, "मग झालं तर!" ते म्हणाले, "पण आवाज थोडा बद्द होता."

मात्र गल्लीत कुणाची माती असली की चित्र पालटतं. अशा वेळी साळेबुवांची जात उघडी पडते. त्यांना तिथे उभं राहवत नाही, हात कुठे ठेवावे कळत नाही, फोन आल्यासारखं करून ते कोपऱ्यावर जातात आणि परत आले तर 'देवाची मर्जी', 'सुटले बिचारे' असं काहीतरी बोलून घरच्यांना नव्याने रडवतात. काकाजी येतात. काही बोलत नाहीत. चेहरा नेहमीचाच, त्यांना वेगळा चेहरा करावा लागत नाही. कोणत्या टालवर पहाटे माणूस भेटतो, बांबू किती लांबीचे लागतात, गोवऱ्या पावसात कुठे झाकून ठेवायच्या, दवाखान्याच्या कागदावर नाव आधार कार्डाप्रमाणे आहे की नाही, दूरच्या गाडीने येणाऱ्या मुलीसाठी किती वेळ थांबता येईल, हे सगळं त्यांच्याजवळ तयार असतं. घरातलं कुणी खाल्लं का, तेही तेच बघतात. शेजारून पिठलं-भात येतो. मागवलेला असतो.

आणि मग ते बसून राहतात. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तेरावं होऊन पाहुणे पांगल्यावरही. त्या घरातला माणूस बोलू लागला तर ऐकतात, गप्प राहिला तर गप्प राहतात. 'विसरून जा' म्हणत नाहीत, 'काळ हेच औषध' म्हणत नाहीत. मागल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका तरुण पोराचे वडील गेले. महिन्याभराने तो मला म्हणाला, "सगळे मला हसवाले येते. काकाजीच एकटे असे हायेत का त्यायच्यापुढे तोंड पाडून बसलं तं चालते."

नुकतीच आमच्याकडे हास्य क्लबची लाट आली. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन हा उद्योग सुरू केला, तो सगळ्या जगभर पसरला आणि मजल दरमजल करत सावनेरात पोचला. अध्यक्ष कोण हे वेगळं सांगायला नको. साळेबुवांनी काकाजींना आग्रहाने नेलं. मीही गेलो, कारण असा प्रसंग चुकवणं बरं नव्हे. पहाटे मैदानात वीस-पंचवीस मंडळी हात वर करून हो-हो, हा-हा करत होती. साळेबुवांनी क्लबचा इतिहास सांगितला की मुंबईवाले सुरुवातीला एकमेकांना विनोद सांगायचे, पण दोन आठवड्यांतच विनोद संपले, मग नुसतंच हसायचं ठरलं.

"विनोद संपतेच," काकाजी म्हणाले. "माल कमी असते त्याच्यात."

दोघंतिघं हसले. खरं हसले.

साळेबुवा म्हणाले, "भाऊजी, तुम्ही बी हसा नं. पोटातून हसा. हार्टाले चांगलं असते."

"पोटातून हसू, मंग हार्टाले कसं पोचन?"

आता दहा-बारा जण हसू लागले. एका आजींना ठसका लागला. काकाजी घाईने त्यांच्यापाशी गेले, त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि साळेबुवांकडे वळून अतिशय गंभीरपणे विचारलं, "बीपीवाले किती हायेत यायच्यात? यादी केली काय?" त्यावर तर मैदानच लोटपोट झालं. योगाच्या बाजूने आलेले लोकही हसू लागले. साळेबुवा स्वतः गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि डोळे पुसत होते. काकाजी मधोमध उभे राहून एकेकाकडे काळजीने बघत होते, आता कोण पडतो म्हणून.

शेवटी सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की काकाजींनी रोज यायचं. त्यांना मानद सदस्यत्व द्यायचं, वर्गणी माफ.

"रोज?" काकाजी म्हणाले. "पावसाळ्यात कुठी उभे ऱ्हासान?"

"तिकडे शेड हाये नं," साळेबुवा म्हणाले.

काकाजींनी शेडकडे पाहिलं. मग कुणाच्या तरी हातातली फिरायला जायची काठी मागून घेतली आणि तिकडे चालू लागले.